टेबलावरचा हिरवा पडदा

तालुक्याच्या दवाखान्यातला बाळंतपणाचा वॉर्ड नाशिकला हलवावा का, हे विचारायला साहेब शाळेत आले होते. आजवर ज्यांनी गावाला कधी हिंग लावून विचारलं नाही, त्यांना आज गावाचं मत हवं होतं. नवसाबाई मुद्दाम पुढे बसली.

"निर्णय तुमचाच," साहेब गोड हसले आणि टेबलावरचा हिरवा कपडा त्यांनी नीट केला.

नवसाबाईने तो ओळखला. तिची धाकटी त्याच पडद्याआड झाली होती. कोपऱ्यातलं ठिगळ नर्सबाईंनी तिच्यासमोरच घातलं होतं.

"मावशी, तुमचं मत काय?"

तिने उठून ते ठिगळ चिमटीत धरलं. "वॉर्डाचा पडदा काढून टेबलावर घातला, सायेब. मंग आता इचारता कशाला?"