दुसऱ्यांदा मोजलेला ताप

चिंतामण मास्तरांनी थर्मल गन टेम्पोवाल्याच्या कपाळासमोर धरली. एकशे दोन.

"लिंबाखाली बस. मंग पुन्हा पाहू."

एप्रिलच्या उन्हात त्या यंत्राचंही डोकं फिरायचं. पहिल्या खेपेला सगळेच तापलेले निघत. म्हणून नाक्यावर रिवाजच पडला होता: सावलीत बसवायचं, पाणी पाजायचं आणि दुसऱ्यांदा निघेल तो ताप खरा धरायचा. थोड्या वेळाने टेम्पोवाला सत्त्याण्णव निघाला आणि शेंदूरजनाघाटच्या वाटेला लागला.

मास्तर शाळेत नागरिकशास्त्र शिकवत. सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत, एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारा रोग समवर्ती सूचीत, हे त्यांनी पोरांकडून वर्षानुवर्षं घोकून घेतलं होतं. लॉकडाऊनमध्ये मध्य प्रदेशच्या सीमेवर ड्यूटी लागली, तेव्हा त्यांना या सूच्या प्रत्यक्ष भेटल्या. दिल्लीचा आदेश होता की मालाचा ट्रक कुठेही अडवायचा नाही, रिकामा असला तरी. माणसांचं मात्र दोन्ही राज्यांनी आपसांत ठरवावं. आणि दोन्ही राज्यं एकमेकांकडे बोट दाखवून मोकळी झाली होती.

त्यांची लेक प्राजक्ता पलीकडे, मध्य प्रदेशातल्या पांढुर्ण्यात सासरी होती, दिवस भरत आलेले. जावई इंदूरला अडकलेला. बाळंतपणासाठी तिचं नाव नोंदवलेला दवाखाना कोरोनासाठी घेतला गेला होता. इकडे पहिलं बाळंतपण माहेरीच म्हणून मास्तरांच्या बायकोने, सुभद्राबाईंनी, केव्हाच खोली लावून ठेवली होती. सीमा ओलांडायच्या पासचा अर्ज एकदा या सरकारने फेटाळला, एकदा त्या.

वाट काढली ती शेजारच्या पंजाबरावांनी. ते संत्री घेऊन पलीकडे जात आणि रिकामे क्रेट घेऊन परतत.

"मास्तर, ट्रकसंगं एक मदतनीस चालते म्हंते दिल्ली. बाई चालत नाही असं कुठी लिवलं हाये?"

दुपारी पंजाबरावांचा ट्रक नाक्यावर लागला. शिपाई श्यामने केबिनमध्ये डोकावून पाहिलं. तोंडाला ओढणी घट्ट गुंडाळून प्राजक्ता बसली होती, एक हात पोटावर.

"हा मदतनीस काय?"

"हो," पंजाबराव म्हणाले.

"क्रेट लय उचलत असंन," श्याम म्हणाला. मग मास्तरांकडे वळून हळूच, "जाऊ द्या. पण ताप मोजा. तो आपल्या सरकारचा नियम हाये, त्यातून कोनीच सुटत नाही."

ताप निघालेल्याला थेट सरकारी विलगीकरणात न्यायचं, सोबत घरचं कुणी नाही, असा तो नियम होता. मास्तरांनी गन धरली. एकशे एक.

"ऊन लागलं," ते घाईने म्हणाले. "सावलीत बस, बाई."

प्राजक्ता लिंबाखाली टेकली. मास्तरांनी बाटली पुढे केली.

"आई काय करून राहिली, बाबा?"

"तुयासाठी डिंकाचे लाडू."

ती हसली. उकाड्यात पानही हलत नव्हतं, तरी थंडी वाजल्यासारखी तिने ओढणी अंगाभोवती आणखी लपेटून घेतली. मास्तरांनी ते पाहिलं आणि नजर रस्त्याकडे वळवली.

दुसऱ्यांदा गन धरली. एकशे एक. बटण पुन्हा दाबलं, आकडा ढिम्म हलेना. अनोळखी वॉर्डात एकटीच कळा देणारी लेक त्यांच्या डोळ्यांपुढे उभी राहिली.

"किती, मास्तर?" श्यामने लांबूनच विचारलं.

"सत्त्याण्णव."

रस्त्यावर आडवा बांधलेला दोर खाली आला. ट्रक गेला. मास्तरांनी गन श्यामच्या हाती दिली आणि तंबूमागे जाऊन घरी फोन लावला.

"आली काय हो?" पहिल्याच रिंगला सुभद्राबाईंचा आवाज आला.

"निघाली. तू असं कर, ती यायच्या आत बगीच्यातल्या खोलीत राहायले जाय. मी रजा टाकून येतो. तिचं मी पाहतो."

"काहून? लेक बाळंतपणाले येऊन राहिली, अन् मी घर सोडू?"

"तुयी साखर वाढली हाये. दमा हाये तुले."

"किती ताप हाये तिले?"

मास्तरांना खोटं बोलवेना. "एकशे एक."

"मंग तं मी कुठीच जात नाही," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.