छत्तीस पॉइंट आठ

बायकांच्या वॉर्डातली सगळ्यांत ठणठणीत पेशंट मंगळवारी सकाळी साडेसातला वारली. त्याच दिवशी दुपारी दोन वाजता तिचा ताप छत्तीस पॉइंट आठ, नाडी शहात्तर आणि श्वास मिनिटाला अठरा होता, म्हणजे अगदी उत्तम. तक्त्यावर तसं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं, आणि आमच्या वॉर्डाचे तक्ते जिल्ह्यात पहिले आलेले होते.

मी या वॉर्डाचा सिस्टर इन-चार्ज, वेझी म्सुक्वा. मी पुरुष आहे, पण हुद्द्याचं नाव छापून आलेलं, त्याला कोण काय करणार? आधीच्या सिस्टर फेब्रुवारीत इंग्लंडला नोकरीला गेल्या आणि खुर्ची माझ्याकडे आली. खुर्ची ही आपली बोलायची पद्धत. खरी खुर्ची त्यांच्याही आधीच्या सिस्टर घेऊन गेल्या होत्या.

पलंग चाळीस, पेशंट एकसष्ट, नर्स दोन, रक्तदाब मोजायचं यंत्र अर्धं. उरलेलं अर्धं बाळंतिणींच्या वॉर्डाचं. दर चार तासांनी प्रत्येकीचं सगळं मोजून चौकटीत लिहायचं, असा नियम. चौकट रिकामी दिसली की राजधानीहून, लिलाँग्वेहून आलेलं तपासणी पथक गुण कापायचं. पथक पेशंटकडे बघत नसे. त्यांना वेळ नसायचा, आणि पेशंट फार बोलतात.

पहिल्या तपासणीत आम्ही शेवटून पहिले आलो. मग मी युक्ती काढली. ड्यूटीवर आलं की जी बरी दिसते तिच्या पुढच्या सगळ्या चौकटी एका दमात भरून टाकायच्या. काही बिघडलंच तर खोडायचं. मी याला ‘आगाऊ निरीक्षण’ म्हणायचो. पुढच्या तपासणीत आम्ही पहिले. बक्षीस म्हणून एक इस्त्री मिळाली. मेट्रन मुन्थालींनी बाकीच्या वॉर्डांच्या नर्सना माझ्याकडे शिकायला पाठवलं. काय शिकतात, ते कधी विचारलं नाही. हुशार बाई.

तर फलेसी गोन्द्वे, वय अठ्ठावन्न, न्यूमोनिया. मंगळवारी सात वाजता आमच्या लुसुंगुनं तिच्या चौकटी भरल्या आणि साडेसातला फलेसी गेली. लुसुंगु नोकरीला लागून पाच महिने झालेली पोर. तेवढ्यात तीन नव्या पेशंट आल्या, आणि खोडायचं राहून गेलं.

अडीच वाजता फलेसीची थोरली बहीण आली. मिस गोन्द्वे, चाळीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या. नऊ दिवस त्याच वॉर्डात फलेसीपाशी राहून तिच्यासाठी रांधत होत्या. प्रेत गावी न्यायला गाडी यायची होती, तोवर न्सिमाचं, म्हणजे मक्याच्या उकडीचं, पातेलं आणि घोंगडी घ्यायला आल्या. पलंगावर एव्हाना दुसरी बाई निजली होती, पायथ्याला तक्ता मात्र फलेसीचाच. त्यांनी चष्मा लावून तो वाचला.

“मुली, ही दोनची नोंद तुझी?”

“हो, टीचर,” लुसुंगु म्हणाली.

“दोन वाजता आम्ही शवागारात होतो. तू काही आलेली दिसली नाहीस.”

लुसुंगु तक्ता काढून घ्यायला पुढे झाली.

“नाडी शहात्तर. बरी आहे म्हणतेस? मग थांब, उठवूनच आणते तिला. गाडीचा खर्च वाचेल.”

अर्ध्या तासात मला मेट्रनच्या खोलीत बोलावणं आलं. पत्र तयार होतं.

“नर्सिंग कौन्सिलला जाईल हे,” मेट्रन म्हणाल्या. “‘सदर नर्सने स्वतःच्या मनाने खोट्या नोंदी केल्या. इन-चार्जला कल्पना नव्हती.’ कर सही.”

“मॅडम, तिचं रजिस्ट्रेशन जाईल. पुन्हा कुठे नर्स होता येणार नाही तिला.”

“कोणाचं तरी जाणारच. तुझं गेलं तर पुढच्या महिन्यात पथकाला काय दाखवू? इस्त्री? तू आपला नमुना आहेस, वेझी. नमुन्याला असं काही होत नसतं.”

मी पेन उघडलं. खोटं कशाला सांगू, उघडलं. कागदावर टेकवलंही. आमच्याकडची पेनं ऐन वेळी कधी चालत नाहीत. हे चालत होतं.

तेवढ्यात दार न वाजवता मिस गोन्द्वे आत आल्या. “सोमवारचा तक्ता कुठे आहे?”

“तो फायलीत गेला, टीचर,” मेट्रन गोड आवाजात म्हणाल्या. “आपली तक्रार आजच्या तक्त्याबद्दल आहे ना?”

“आज ती मेलेली होती. मेलेल्या माणसाचा ताप काय वाट्टेल तो लिहा, त्याला काही होत नाही. मला जिवंतपणीचा दाखवा.”

सोमवारी दुपारच्या ड्यूटीला मी होतो. सोमवारच्या चौकटी माझ्या. साडेसहाला राउंडला आलेल्या डॉक्टरनं त्या बघितल्या, मान डोलावली आणि पुढच्या पलंगाकडे गेला.

मी उठून फाइल काढली.

“वेझी, बस खाली,” मेट्रन म्हणाल्या.

मी तक्ता मिस गोन्द्वेंच्या हातात दिला.

“सहाची नोंद कोणाची?”

“माझी.”

“केव्हा केलीस?”

“दोनला.”

“तिचा हात धरून बघितलास?”

“नाही, टीचर. लांबून बरी दिसली.”

त्या खुर्चीत बसल्या. बराच वेळ तक्ता वाचत राहिल्या, वाचण्यासारखं त्यात फार नव्हतं तरी.

“काल संध्याकाळी सातला म्हणाली, ताई, श्वास पुरत नाही गं. मी उठून हेच वाचलं. अठरा. तिला म्हटलं, फलेसी, सगळं नीट आहे, उगाच कुरकुरू नकोस, लहानपणापासून तुझं हेच. नर्सला हाक मारायला निघाली होती. मीच मारू दिली नाही.”

मेट्रन म्हणाल्या, “बसा ना, टीचर.” त्या बसलेल्याच होत्या.

मी पत्रातली दोन्ही वाक्यं खोडली. खाली लिहिलं: ‘ही पद्धत मी शिकवली. सोमवारच्या नोंदी माझ्या आहेत. पेशंटला तपासलं नव्हतं.’ सही केली. मिस गोन्द्वेंनी ते वाचलं आणि परत माझ्यापुढे सरकवलं.

“कोणी तपासलं नव्हतं, तेही लिही.”

मी ‘मी’ लिहिलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. त्या पातेलं काखेत मारून गेल्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“तुला या क्षणी निलंबित करायला हवं,” मेट्रन म्हणाल्या.

“हो, मॅडम.”

“तुझ्या जागी कोण आहे?”

“कोणीच नाही.”

“मग चौकशी होईपर्यंत वॉर्ड तूच सांभाळ.”

लुसुंगु दाराबाहेरच उभी होती. “सर, माझं काय?”

“पत्रात आता तू नाहीस.”

“म्हणजे उद्या ड्यूटीला यायचं?”

“यायचं.”

ती रडायला लागली. सुटली म्हणून की उद्या यायचंय म्हणून, ते मी विचारलं नाही.

चार वाजता आम्ही पहिल्या पलंगापासून सुरुवात केली. प्रत्येकीचा हात हातात, नजर घड्याळावर, पुरतं एक मिनिट. तिसरीच्या तक्त्यावर श्वास अठरा होता. मोजला तर चौतीस. डॉक्टरला शोधण्यात आणि ऑक्सिजनची नळी जोडण्यात पाऊण तास गेला. तोवर बाकीच्या पडल्या पडल्या आमच्याकडे बघत होत्या. लांबून सगळ्या बऱ्या दिसत होत्या.

सव्विसाव्या बाईचा हात हातात घेतला तेव्हा आठ वाजले होते, आणि पहिलीला पुन्हा तपासायची वेळ झाली होती.