आईचा सराव

गिऱ्हाईक बाईंचे केस कापता कापता थोरलीची कात्री थांबली. बाई आरशात बघत सहज म्हणाल्या होत्या, "तुझे बाबा गेले, तेव्हा तुझ्या आईला सुटल्यासारखं वाटलं ना गं? मोबाइलवर ऐकलं मी. रडूच आलं."

थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धांगाचा झटका आल्यावर आईची वाचा गेली होती. बोलायला शिकवणाऱ्या ताईंनी सांगितलं होतं, रोज मनात येईल ते मोठ्यानं बोला, रेकॉर्ड करा आणि आपलं आपण ऐका. आईनं बिचारीनं ते अगदी मनावर घेतलं. दार लावून, एकेका शब्दाशी झोंबत, भाजीपासून सुरू करून ती थेट संसारापर्यंत पोचली. आणि धाकट्यानं, तिच्या फोनमध्ये जागा करून देतो म्हणत, ते सगळं इंटरनेटवर चढवलं. वर नाव दिलं, 'एका साध्या बाईचा आवाज'!

बाईंचे केस कसेबसे उरकून थोरली तडक घरी गेली.

"अगं, हा ठेवा आहे," धाकटा म्हणाला. "उद्या आई नसेल, आवाज तर राहील. किती लोकांना धीर येतोय!"

"आईला विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असती."

घ्या! उत्तर ठाऊक होतं म्हणून विचारलंच नाही, आणि वर हा शहाणा उपकार केल्यासारखा बोलतोय.

आई दारात उभी राहून ऐकत होती. ती आत आली आणि तिनं टेबलावरचा त्याचा फोन उचलून त्याच्यासमोर धरला.

"बोल."

"काय बोलू?"

"नोकरी... गेली. माझ्या मांडीवर... रडलास. बायकोला... अजून... सांगितलं नाहीस. ते बोल."

धाकट्यानं झडप घालून कॅमेऱ्यावर हात ठेवला. "आई, बंद कर! ते मी फक्त तुला सांगितलं होतं!"

"मी तर..." आई म्हणाली, "कुणालाच... नव्हतं."

धाकट्यानं मान खाली घालून सगळं पुसलं. पण लोकांनी आपापल्या फोनात उतरवून घेतलेलं तो कुठून पुसणार?

दुसऱ्या दिवशी ताई आल्या. "हं, बोला आजी. मनात येईल ते."

आईनं आधी ताईंच्या हाताकडे पाहिलं, मग टेबलाकडे. थोरलीनं फोन उचलून बाहेर नेऊन ठेवला, दारही लावून घेतलं.

"एक," आई म्हणाली. "दोन... तीन..."