कीननला वर्षभर बसवायचं होतं

"परत म्हण," मी म्हणाले. "आणि माझ्याकडे बघून म्हण. फरशीकडे बघून पुटपुटलास तर मला कळणार कसं कुठे धावायचं ते?"

कीनन बर्जरॉन माझ्या स्वयंपाकघरात, सिंक आणि फ्रीज यांच्या मधे, गुडघे वाकवून उभा होता. समोर मी, हातात बटाट्याची सालं काढायची सुरी. त्या घटकेला मी एकटी दहा जण होते. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅकने, म्हणजे चेंडू फेकणाऱ्या म्होरक्याने, मैदानावर आपल्या दहा सोबत्यांच्या घोळक्यात उभं राहून पुढची चाल सांगायची असते आणि ती चाल म्हणजे मालगाडीएवढं लांब वाक्य: कोण कुठे उभा राहील, कोण कुणाला अडवेल, कोण किती धावून कुणीकडे वळेल. कॉलेजात बाजूला उभे असलेले लोक मोठमोठी चित्रं दाखवतात आणि पोरं ती बघून खेळतात. आमच्याकडे, व्यावसायिक टीममध्ये, आली की हे वाक्य त्यांच्या घशात अडकतं. म्हणून माझा नवरा वेंडेल प्रुइट त्यांना दर गुरुवारी जेवायला घरी आणायचा. तो टीमच्या क्वार्टरबॅकांना शिकवणारा कोच. त्याचं म्हणणं, बटाटे सोलणाऱ्या बाईला चाल ऐकवता आली, तर सत्तर हजार लोकांच्या आरडाओरड्यातही ऐकवता येईल.

कीननने श्वास घेतला आणि अख्खं वाक्य एका दमात म्हणून टाकलं. आम्ही दोघांनी एकदम टाळी वाजवली. घोळका तसाच मोडतात.

"आता जेवायला मिळेल का मॅडम?"

"डाव्या बाजूचा पोरगा कुठे वळणार ते सांग आधी."

"आत. पण त्याच्यावरचा माणूस मागे सरकला तर बाहेर."

"बस जेवायला."

तो बसला आणि खिशातून लाल तिखट सॉसची बाटली काढली. लुइझियानाचा पोरगा, बाटली बरोबर घेऊनच फिरायचा. "मिस लोरीन, राग मानू नका. तुमचं चिकन चांगलंच असतं. जरा सभ्य असतं, एवढंच."

वेंडेलला हसता हसता ठसका लागला. आमची स्वतःची दोन मुलं जेवणावर असं कधी बोलली नव्हती, म्हणून मला तो आणखीच आवडला.

सहायक कोचाच्या बायकोचं आयुष्य म्हणजे एका गावात पडदे शिवायचे आणि दुसऱ्या गावातल्या खिडक्यांना ते आखूड पडायचे. मुख्य कोचाला हाकललं की त्याच्यामागून आम्हीही सामान बांधायचं. एरी सरोवराकाठच्या या गावात आम्ही आलो तेव्हा मी पडदे शिवलेच नाहीत, विकतचे लावले. वेंडेलला कोणी रस्त्यात ओळखत नसे. टीव्हीवर तो दिसला तर एखाद्या तरुण क्वार्टरबॅकच्या खांद्यामागे, टोपी आणि अर्धा कान, एवढाच. पण अशी कितीतरी पोरं त्याच्या हाताखालून गेली आणि प्रत्येकाच्या आईचं नाव त्याला ठाऊक होतं.

कीननला टीमने वसंतात निवडलं. त्याआधी त्याची पारख झाली होती, म्हणजे बाजारात घोड्याची होते तशी. त्याचा पंजा मोजला, उड्या मारायला लावल्या, चेंडू किती वेगाने जातो ते यंत्राने पाहिलं. एका शहाण्याने तर विचारलं की लहानपणी तू भांडण झाल्यावर आधी रडायचास की आधी मारायचास. वेंडेल या सगळ्याला मान डोलवायचा आणि मग आपला विमानात बसून त्या पोराच्या घरी जाऊन जेवून यायचा. कीननच्या घरी मीही गेले होते. त्याची आई ऑडेल शाळेच्या भटारखान्यात काम करायची. तिने आम्हाला राजमा आणि भात वाढला आणि उभ्या उभ्याच विचारलं, "कोच, माझ्या पोराला लगेच उतरवणार का तुम्ही?"

"नाही," वेंडेल म्हणाला. "वर्षभर माझ्या शेजारी उभा राहील. बघेल, शिकेल. आमच्याकडे हचिन्स आहे खेळायला."

"शब्द देताय?"

"देतो."

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही ऐकलंत ना, मिस लोरीन?"

मी हो म्हणाले.

वेंडेल वर्षभर का म्हणाला, तेही सांगते. दंड सुधारता येतो, पाय सुधारता येतात, असं तो नेहमी म्हणायचा. नजर बिघडली की संपलं. चेंडू हातात आल्यावर क्वार्टरबॅकने दूर बघायचं असतं, आपले धावणारे कुठे मोकळे होतायत ते. त्याच वेळी सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवा करायला धावत असतात. त्यांच्याकडे बघायचं नाही. ती येताहेत हे नुसतं अंगाला कळू द्यायचं. वारंवार आपटला गेलेला पोरगा मात्र एक दिवस त्यांच्याकडेच बघायला लागतो. नजर खाली येते. आणि एकदा खाली आलेली नजर वर गेलेली वेंडेलने फारशी पाहिली नव्हती.

हंगाम सुरू झाला आणि हचिन्सचं म्हातारपण दिसायला लागलं. म्हातारा म्हणजे छत्तिशीचा. पहिले तीन सामने हरलो. लोक कीननच्या नावाने ओरडायला लागले, किराणा दुकानातली पोरगीसुद्धा मला विचारायची, "बर्जरॉनला कधी उतरवताय?" सोमवारच्या बैठकीत मुख्य कोच स्टॅडलरने वेंडेलला सरळ विचारलं. हे मला वेंडेलनेच त्या दुपारी अंगणात पानं गोळा करता करता सांगितलं.

"काय विचारलं?"

"पोरगा तयार आहे का, म्हणून."

"मग?"

तो दाताळं ओढत राहिला.

"वेंडेल, तू काय म्हणालास?"

"आहे म्हणालो."

"अरे, त्या बाईला शब्द दिला होतास तू!"

"सरावात बघ ना लोरीन, कसा फेकतोय. उन्हाळाभर बघतोय मी. अशी फेक गेल्या दहा वर्षांत पाहिली नाही."

सरावात! सरावाला क्वार्टरबॅक लाल जर्सी घालतो. लाल जर्सीवाल्याला कुणी हात लावायचा नाही, असा कडक नियम आहे. धावत आलेला माणूस दोन पावलांवर थांबतो आणि बाजूने निघून जातो. वेंडेलने उन्हाळाभर पाहिला तो असा कीनन, ज्याच्या अंगाला माशीसुद्धा शिवत नव्हती. हे वेंडेलला कळत नव्हतं असं नाही. तो तरुण कोचांना हेच शिकवायचा.

पण त्याच्या मनात मॅक्लिन होता. फार पूर्वी, दुसऱ्या गावात, दुसऱ्या टीममध्ये, वेंडेलने मॅक्लिनबद्दल "अजून तयार नाही" असं सांगितलं होतं. टीमने वाट पाहिली नाही, त्याला सोडून दिलं. दुसऱ्यांनी उचलला आणि त्याने त्यांना सगळं काही जिंकून दिलं. अजूनही टीव्हीवर त्याचं नाव निघालं की कुणीतरी हसत म्हणायचं, कुठल्या तरी कोचाला हा कच्चा वाटला होता बरं का! वेंडेल उठून पाणी प्यायला जायचा. त्याला पुन्हा तो कोच व्हायचं नव्हतं. त्या एका भीतीपायी त्याने स्वतःच्याच डोळ्यांवर हात ठेवला. मला त्या दिवशी त्याचा राग आला. थोडा अजूनही आहे.

कीनन उतरला. पहिल्या सामन्यात त्याने अशी एक फेक केली की आमच्या मागचे म्हातारे रडले. दुसराही जिंकलो. मग त्याची डावी बाजू राखणारा गडी गुडघा धरून बाहेर गेला, त्याच्या जागी आलेला बिचारा वाऱ्यालाही अडवू शकत नव्हता, आणि कीनन आपटायला लागला. दर रविवारी. गुरुवारी जेवायला आला की खुर्चीत बसताना हळूच टेबल धरायचा.

"दुखतंय का रे?"

"नाही मॅडम. खुर्ची खाली गेलीय तुमची."

"कोच," मी वेंडेलला म्हणाले, घरात मी त्याला कोच म्हणते तेव्हा त्याला कळतं काय ते, "बाहेर काढा त्याला."

कीनन पटकन म्हणाला, "मला नाही यायचं बाहेर. प्लीज."

वेंडेलने स्टॅडलरला सांगून पाहिलं. स्टॅडलर म्हणाला, "तूच तयार म्हणालास ना? आता बसवला तर लोक मला फाडून खातील."

कोचांच्या बायकांना जागा कुठे देतात माहीत आहे? गोलच्या मागे, कोपऱ्यात, वारा थेट सरोवरावरून येतो तिथे. पण तिथून एक गोष्ट छान दिसते. आपली टीम आपल्या दिशेने खेळत असेल तेव्हा क्वार्टरबॅकचं तोंड दिसतं. नाताळच्या आधीच्या रविवारी बर्फ भुरभुरत होतं. कीननने चेंडू घेतला, मागे सरकला. उजव्या अंगाला आमचा माणूस अगदी एकटा, हात हलवत धावत होता. मला दिसला, माझ्या शेजारच्या बाईला दिसला. आणि कीननचं हेल्मेट खाली झुकलं. थोडंसंच, वाटीतला रस्सा सांडत नाही ना बघताना मान झुकते तेवढं. तो समोरून येणाऱ्यांकडे बघत होता. अजून कुणी त्याच्याजवळ पोचलंही नव्हतं. त्याने चेंडू पोटाशी धरला आणि आपणहून खाली बसला.

मी मैदानाच्या कडेला पाहिलं. वेंडेलने टोपी काढून हातात घेतली होती. एवढ्या थंडीत.

घरी पोचलो तर फोन वाजत होता. ऑडेल.

"मिस लोरीन, त्याला विचारलं तर म्हणतो बरा आहे. तुम्ही सांगा."

"हाडं शाबूत आहेत सगळी," मी म्हणाले.

"हाडांचं नाही विचारलं मी."

मग तीच म्हणाली, "तुमच्या घरी जेवतो ना नीट?" मी हो म्हणाले, आणि तिने फोन ठेवला. शब्दाचं तिने काढलंच नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं.

जानेवारीत पुन्हा बैठक झाली. या वेळी वेंडेलने खरं ते सांगितलं: पोराची नजर गेलीय, चूक माझी आहे, त्याला वर्षभर मैदानाबाहेर ठेवा आणि माझ्याकडे द्या, कदाचित परत येईल. त्यातलं पहिलं तेवढं त्यांनी ऐकून घेतलं. खरं बोलायची वेळ चुकली की खऱ्याचाही उपयोग नसतो, उलट त्याने नुकसानच होतं. वसंतात टीमने नवा क्वार्टरबॅक निवडला. पंजा कीननपेक्षा मोठा होता म्हणे. मे महिन्यात एका सकाळी ऑफिसातला माणूस कीननच्या कपाटापाशी गेला आणि म्हणाला की कोच बोलावतायत, टॅब्लेट घेऊन या. टॅब्लेटमध्ये सगळ्या चाली असतात, तो परत घेतात. एवढं ऐकलं की टीममधून काढलंय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारी तो आमच्याकडे आला. गाडीत मागच्या सीटवर सगळं सामान भरलेलं. "निरोप घ्यायला आलो," म्हणाला. मी सँडविच पुढे केलं, त्याने खाल्लं, तिखट सॉस मागितला नाही. वेंडेल त्याच्यासमोर बसून राहिला, हात मांडीवर.

"पोरा, मी तुझ्यावर अन्याय केला," तो म्हणाला. "मी 'नाही' म्हणायला हवं होतं."

"मीच खेळायचं म्हणत होतो, कोच."

"तू बावीस वर्षांचा होतास. तू म्हणणारच. मला पगार कशाचा मिळत होता?"

कीननने बशी बाजूला सारली. मग म्हणाला, "चेंडू आहे घरात?"

मागच्या अंगणात कुंपणापाशी मी उभी राहिले, कारण झेलायला तिसरं कोणी नव्हतं. कीननने दुसऱ्या टोकावरून फेकला. काय फेक होती! चेंडू आला तो सरळ माझ्या छातीशी, जणू मी तिथे असेन हे त्याला आधीपासून माहीत होतं. बोटं झिणझिणली. पुन्हा फेकला, पुन्हा तसाच. सात-आठ वेळा तरी. वेंडेल बघत होता आणि त्याचा चेहरा बघवत नव्हता.

"कोच," कीनन म्हणाला, "तुम्ही माझ्यावर चालून या."

"काय?"

"या ना. धावत या. अडवणारं कोणी नाही समजा."

वेंडेलच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. साठी ओलांडलेली. पण तो अंगणाच्या मधोमध जाऊन कीननकडे तोंड करून उभा राहिला. कीननने चेंडू वर घेतला, दोन पावलं मागे सरकला. माझ्याकडे बघत होता, थेट. वेंडेल निघाला. धावणं कसलं, लंगडणंच ते, दोन्ही हात वर, घरच्या चपला फटफट वाजतायत.

मी हात पुढे करून उभी होते आणि मला त्याचे डोळे स्वच्छ दिसत होते. ते माझ्यावरून निघाले आणि खाली गेले. त्या म्हाताऱ्याकडे. चेंडू त्याच्या हातातून सुटलाच नाही.

वेंडेल त्याच्यापर्यंत पोचला, धापा टाकत, आणि आता हातांचं काय करायचं ते न कळून त्याने त्याला नुसता धरला.

"परत या, कोच," कीनन म्हणाला.

वेंडेल लंगडत मागे गेला. मी हात पुसले आणि पुन्हा पुढे केले.