अकरावा सांधा

निवृत्त झाल्यावर फिटरने मागच्या खोलीत छोट्या रेल्वेचे रूळ टाकायला घेतले. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते तो सांधा बाजारात तयार मिळतो, पण त्याला तो आपल्या हातानेच घडवायचा होता. दहा झाले होते. अकरावा शेवटचा.

दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं होतं, विसरणं वाढत जाणार.

"डोकं विसरलं तर विसरू दे," फिटर म्हणाला होता. "हात विसरत नाहीत." बायकोची सगळी भिस्त आता या एका वाक्यावर होती.

दुपारची जेवणं उरकल्यावर तिने नेहमीप्रमाणे नव्या सांध्यावरून पहिला डबा बोटाने ढकलला. डबा सांध्याशी अडला आणि आडवा झाला.

"दमला वाटतं तुमचा डबा."

"तूच जोरात ढकललास."

"हो, मी पैलवानच ना!"

त्याने भिंग लावलं. सांध्यात दोन सरकती पाती असतात. बाहेरच्या रुळाला टेकणारी बाजू घासून टोक पातळ करायचं. डाव्याची डावी बाजू, उजव्याची उजवी. चपलांचा जोडच म्हणा ना. त्याने दोन्ही पाती डावीच केली होती. उभ्या नोकरीत असली चूक झाली नव्हती.

"घाईत झालं असेल," तो म्हणाला. घाई कुणीच केली नव्हती.

त्याने नवा तुकडा कापला, घासायच्या बाजूला लाल खूण केली आणि तासभर मान वर केली नाही. पातं सुरेख झालं, कुठे ओरखडा नाही. पण घासली होती पुन्हा डावीच बाजू. उजवीकडची लाल खूण जशीच्या तशी होती.

बायकोने नवा तुकडा उचलला आणि त्याच्या हातातली कानस घेतली.

"मी घासते. तुम्ही नुसती बाजू सांगा."

त्याने तुकडा उलटून पाहिला, परत सुलटा केला. शेजारी त्याचेच दहा सांधे मांडलेले होते. त्यांच्याकडे बघूनही त्याला उलगडा होईना.

"अहो, कुठली?"

"तुला कुठली वाटते?"

तिने अंदाजाने एका बाजूवर बोट ठेवलं. त्याने लगेच मान डोलावली.

तिने हळूच बोट दुसऱ्या बाजूला नेलं. त्याने तिथेही मान डोलावली.