कंबरेला दिलेले गुण

यित्स्केबाईंनी फ्रीसलंड या डच प्रांतातल्या शाळेत एकेचाळीस वर्षं मुलांना दहापैकी गुण दिले, आणि सातच्या वर पेन कधी सरकू दिलं नाही. गुणांच्या बाबतीत बाई महाचिक्कू.

निवृत्तीनंतर त्यांची कंबर धरली. कणा जिथे खुब्याच्या हाडाला जुळतो, तो सांधा बिघडला आणि बसणंच संपलं. वाढदिवसाला पाहुणे खुर्च्यांचं रिंगण करून केक खायचे, बाई भिंतीला टेकून उभ्या. दोन वर्षं हे असं.

शेवटी इस्पितळानं ठरवलं, पडद्यावर चित्र बघत सांध्यात सुई घालायची. आधी नुसतं बधिर करणारं औषध. त्यानं आराम पडला, तरच पुढचं टिकाऊ इंजेक्शन.

"शून्य ते दहा, किती?" नर्सनं मान वर न करता विचारलं.

बाईंनी कंबरेला तीन दिले. साफ नापास.

सुई नेमकी बसली. वीस मिनिटांनी बाई चक्क खुर्चीवर बसल्या.

"बसलीस की गं!" नवरा डाउवे म्हणाला. "आता उठवायला क्रेन मागवू?"

"आता किती?" नर्स आली.

बाईंना भरून आलं. जन्मात पहिल्यांदा त्यांचा हात सैल सुटला. "आठ!"

"अरेरे," म्हणून नर्सनं लिहून घेतलं. समोर बाई बसून हसतायत, हे बघायला तिला संगणकानं सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी औषध उतरलं आणि बाई परत भिंतीला. आठवड्यानं पत्र आलं: इंजेक्शनमुळे आपल्या वेदना तिनावरून आठावर गेल्या, सबब उपचार थांबवत आहोत.

डाउवेनं कपाळावर हात मारला. "अगं, ते दुखणं मोजत होते! तू कंबरेचा पेपर तपासत बसलीस!"

"मग तसं विचारायचं होतं."

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टर हाक्समांपुढे हजर. डॉक्टरांचे डोळे पडद्याला चिकटलेले.

"माझी चूक झाली असं म्हणा, आकडे बदलतो."

"दिलेले गुण मी बदलत नाही. महापौरांच्या पोरासाठीसुद्धा बदलले नव्हते."

"मग फाइल बंद करावी लागेल."

"यित्स्के, म्हण की चुकलं!" डाउवे कळवळला. "जन्मभर उभी राहणार आहेस का?"

बाई भिंतीला टेकल्या, तोरा मात्र जागच्या जागी. "शून्य ते दहा कशाचे, ते सांगितलं कुणी? प्रश्नच चुकीचा असला, तर आमच्याकडे परीक्षा परत घेतात, डॉक्टर."

डॉक्टरांनी सुस्कारा सोडला. "बरं. परत विचारतो. दुखतं किती?"

इतकं सरळ दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. बाईंचा तोरा एकदम गळाला.

"बसता येत नाही हो," त्या रडत म्हणाल्या. "जेवते उभ्यानं. बहिणीच्या अंत्यविधीला, सगळं चर्च बसलेलं, आणि मी एकटी दाराशी खांबासारखी उभी. तिच्यासाठी धड रडताही आलं नाही मला."

"हो, हो," डॉक्टर म्हणाले. त्यांची बोटं कळांवर थांबली होती. "पण आकडा?"

बाईंनी डोळे पुसले.

"नऊ."

नऊ लिहिले गेले. बाकीचं कुणी लिहून घेतलं नाही, आणि बाईंना सुई परत घ्यायला गुरुवारची तारीख मिळाली.