गवत कापायची गाडी चालू होईना

थोरलीला ते धाकटीकडून कळलं, तेही बोलता बोलता. बाबांची गवत कापायची गाडी बंद पडली होती आणि बाबांनी बोलावलं होतं धाकटीच्या नवऱ्याला. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या माणसाला! थोरलीचं स्वतःचं गॅरेज होतं. वीस वर्षं ती इंजिनं उघडत होती, आणि ते काम बाबांनीच तिला शिकवलं होतं. तिच्या अंगाचा तिळपापड झाला. शटर ओढून, हत्यारांचा डबा उचलून ती तडक निघाली.

घरामागच्या पटांगणात गवत गुडघ्याला लागत होतं. मधोमध ती लाल गाडी. जाड स्वेटर घातलेले बाबा सीटवर, आणि बाजूला मास्तर उकिडवे बसलेले, पुढ्यात पान्यांचा पसारा.

"तू कशाला आलीस काम सोडून?" बाबा म्हणाले. "जावईबापू बघतायत ना."

"बघू देत की," म्हणत ती मागच्या पायरीवर बसली.

मास्तरांनी बॅटरीची टोकं घासली. बाबांनी ब्रेक दाबून किल्ली फिरवली. काही नाही. मग नवी बॅटरी बसवली. तरी गाडी ढिम्म. मग मास्तर प्लग काढायला लागले. थोरलीला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटल्या. किल्ली फिरवल्यावर साधं 'टक'सुद्धा होत नाही, म्हणजे वीज स्टार्टरपर्यंत पोचतच नाही. प्लगचा काय संबंध? पण ती पायरीवरून हलली नाही. होऊ दे फजिती.

फजिती मात्र होईना. "किती मन लावून करतो बघ," बाबा कौतुकानं म्हणाले. दहाव्या वर्षी तिनं अख्खं इंजिन जोडलं होतं, तेव्हा हेच बाबा एवढंच म्हणाले होते, "एक नट उरलाय."

तिच्यानं राहवेना. "बाबा, उतरा."

"माझ्या गाडीवर दुसऱ्यानं बसायचं नाही."

"उतरा म्हणते ना!"

ती बसली, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली. गाडी धडधडत चालू झाली.

"काय झालं होतं, ताई?" मास्तरांनी भाबडेपणानं विचारलं.

"जाणत्याचा हात लागावा लागतो," ती तोऱ्यात म्हणाली. खरं कारण तिलाही कळलं नव्हतं, पण ते याला कशाला सांगायचं?

तिनं गाडी बंद केली. बाबा चढून बसले, किल्ली फिरवली. पुन्हा काही नाही. आता मात्र ती गुडघ्यांवर बसून सीटखाली डोकावली. तिथं एक बटण असतं. बसणाऱ्याच्या भारानं ते दाबलं जातं, नाहीतर गाडी समजते की वर कुणी नाहीच. तिनं अंगठ्यानं दाबून पाहिलं, बटण ठणठणीत होतं. वायरही शाबूत. पण बाबा बसलेले असूनही सीट बटणाच्या बोटभर वरच राहिली होती.

"बाबा, तुमचं वजन किती आहे?"

बाबा गवताकडे बघायला लागले. मास्तर हळूच म्हणाले, "चौदा किलो उतरलंय. तीन महिन्यांत. तपासण्या चालू आहेत."

तिला आधी भीती वाटायला हवी होती. पण आधी मनात आलं ते हेच, की याला माहीत होतं! दवाखान्यात हाच नेत होता, कागद याच्याकडे होते. भीती मागाहून आली.

"त्याला सांगितलंत," ती म्हणाली. "मला नाही."

"तू लगेच पाना हातात घेतेस गं," बाबा म्हणाले. "हा नुसता शेजारी बसतो. डॉक्टरच्या दारात मला तेवढंच हवं असतं."

तिनं पाना घेतलाच. सीटखालच्या कडक स्प्रिंगा काढल्या आणि आपल्या डब्यातल्या नरम स्प्रिंगा बसवल्या. बाबा बसल्यावर बटण दाबलं जातं, उठल्यावर सुटतं, हे तीनदा तपासलं. मग बाबा गाडी घेऊन निघाले. मागे कापल्या गवताचा पट्टा उमटत गेला.

"पुढची तारीख कधी?" तिनं मास्तरांकडे न बघता विचारलं.

"गुरुवार."

"मी नेईन त्यांना."

"दोघं जाऊ ना, ताई."

दोघं! तिला ते मुळीच आवडलं नाही. पण दवाखान्यात कुठल्या मजल्यावर जायचं, हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं.

"किती वाजता?" ती म्हणाली.